घाटापलीकडची कचेरी

एकदा एका डोंगराळ राज्यात, खोऱ्यातल्या गावच्या कचेरीत एक वृद्ध न्यायाधीश होते. त्यांचा एक बुद्धिमान शिष्य होता. आणि त्याच गावात सगुणा नावाची कुंभारीण होती.

सगुणेची मातीची खाण शेजाऱ्याने बळकावली. दावा गुरुजींपुढे होता. पण माती नाही म्हणून मडकी भाजायचा आवा थंड, आणि घरात सगळे अर्धपोटी.

तेवढ्यात शिष्याने राजापुढे योजना मांडली. गावोगावच्या कचेऱ्या मोडाव्यात, सारे न्यायाधीश घाटापलीकडच्या राजधानीत एका छपराखाली बसवावेत. राजा म्हणाला, "प्रजेला विचारा." योजना हवी त्याने लाल मडक्यात चिंचोका टाकायचा, नको त्याने काळ्या.

"मडकी राजधानीतच ठेवू," शिष्य म्हणाला. "नवी इमारत पाहून लोक हरखतील."

गुरुजींना योजना मुळीच मान्य नव्हती. तरी ते लगेच म्हणाले, "ठेव. मात्र त्या दिवशी घोडा नको. सगुणेच्या घरच्यांबरोबर पायी ये."

शिष्याला काही उमगेना. पण गुरूची आज्ञा!

मग काय, निघाली वरात. सगुणेच्या कडेवर लेक, मागे धापा टाकणारी सासू. पहिल्याच चढाला म्हातारी दगडावर बसली. "सूनबाई, खाण गेली तरी चालेल, पण पुन्हा इथं आणू नकोस गं!"

सगुणेने शिष्याला विचारलं, "दादा, दर तारखेला असंच यायचं का हो? आणि खाण बघायला न्यायाधीश घाट उतरणार?"

शिष्याने म्हातारीला पाठंगुळी घेतलं.

"घोडा बरा मिळाला गं बाई!" म्हातारी खुदकन हसली.

इमारत खरंच देखणी होती. पण मान वर करतो कोण? जो तो पायऱ्यांवर बसून पाय चोळत होता. सांजेला काळं मडकं काठोकाठ भरलं. त्यात एक चिंचोका शिष्याचाही होता.

"गुरुजी, आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास, बाळा, आणि जिंकलाही असतास. न्यायाची मांडणी सुबक असावी; पण तो मागणाऱ्याच्या पायांना झेपावा. हे घाटानेच तुला पटवायला हवं होतं."

"योजना पडली, बरं झालं," शिष्य म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हलकं वाटलं.

लवकरच गुरुजी स्वतः खाणीवर गेले. हद्दीचा दगड सरकवलेला होता. त्याच्या जुन्या जागी अजून गवत उगवलं नव्हतं. खाण सगुणेला मिळाली, आवा पेटला. दिवाळीला त्यातली सगळ्यात मोठी पणती सासूने गावच्या कचेरीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली.