काकूंची तेवढी उरवा

चिखलदऱ्याच्या डोंगरावर छोट्या शेतकऱ्यांची एक कॉफी संस्था होती. तिचा माल पारखायला शहरातून सबनीससाहेब आले. ते कॉफी अशी भुरकत, की गोठ्यातली गाय दचकून उठे. अध्यक्षांची नवी सून मृदुला कप भरत होती.

“वा! फुलांचा गंध, मधाची गोडी!” तिसरा कप रिचवून साहेब म्हणाले. मग सभासदांची यादी पाहून त्यांनी नाक मुरडलं. “वीस झाडांची ही अनसूयाबाई कोण? असली परसातली कॉफी अख्ख्या मालाची चव नासवते. हिला काढा, तरच माल घेतो.”

दारात उभ्या अनसूयाकाकूंचा चेहरा उतरला. मृदुलाचे सासरे स्वतःच्या चपला न्याहाळू लागले.

मृदुलाने चौथा कप पुढे केला. “साहेब, आमच्याकडे सगळ्यांची कॉफीची फळं एकाच हौदात पडतात. तुम्ही प्यालात त्यातही काकूंची होतीच. आता हा कप घ्या, फक्त काकूंची तेवढी कॉफी तळाशी उरवा. मामंजी लगेच नाव खोडतील.”

साहेबांनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा यादीकडे. मग जराही आवाज न करता कप संपवला आणि होती त्याच यादीवर सही केली.

“त्यांना आणखी दे गं सूनबाई,” काकू म्हणाल्या. “या खेपेला गाय उठलीसुद्धा नाही.”