मिठाची खिडकी

त्या फळीला हात लावू नका, पाहुणं. खिडकीच आहे ती, पण वाऱ्याची नव्हे नि उजेडाचीही नव्हे. हात जाईल एवढीच. सकाळपासून तुम्ही दोघं आमच्या हिंगणमाळात मातीच्या सपाट धाब्याची घरं बघत, फोटो काढत फिरताय, तेव्हा दिसलंच असेल. इथं घराघरात चुलीजवळ, शेजारच्या भिंतीत असं भोक आहे. मिठाची खिडकी म्हणतात हिला. शाळेतले एक मास्तर म्हणायचे, धूर जायला केली असेल. अहो, धूर काय कुणी शेजारणीच्या घरात सोडतं होय?

बसा. पोरी, तू अशी चुलीजवळ ये, तुला बघायचं होतं ना कसं करतात ते. कोंबडी गावठी आहे, तिला घाई चालत नाही. हळद लावून आळणी पाण्यात शिजायला घातलीय. तोवर हे दाणे भाजून घेते. काळे नाही करायचे, साल नुसतं तडकलं पाहिजे. मग पाट्यावर वाटायचे, तेल सुटेपर्यंत. मिक्सर आहे माझ्याकडं, लेकानं आणून दिलाय, पण आजच्या कालवणाला पाटाच.

आखाडातल्या मंगळवारी हिंगणमाळात घरोघरी हेच असतं. कोंबडी नि दाण्याचं कूट. आणि एक रीत आहे. रांधणारीनं कालवण ढवळावं, चाखावं, काय हवं ते करावं, पण मीठ तिनं घालायचं नाही. वाटीत रस्सा घेऊन ह्या खिडकीतनं पलीकडं द्यायचा. शेजारणीनं चव बघायची, नि मीठ तिनं टाकायचं. आता हसताय, पण ऐका. मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. खरं-खोटं आमच्या गावदेवीला, माळजाईला ठाऊक.

फार मागली गोष्ट, असं सांगतात. ह्याच गावात भिंतीला भिंत लागून दोन घरं होती. एकात ठकू, एकात साळू. दोघींचं धाबं एकच, मधे वीतभर कठडासुद्धा नव्हता. ठकूला उशिरानं झालेली एकच लेक, म्हाळू तिचं नाव. त्या साली आखाड लागला तरी पाऊस नव्हता, नि पोरीला ताप भरला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. पेज आणा, दूध आणा, पोर तोंड फिरवायची. हाडं मोजून घ्या म्हणावं अशी झाली. ठकूनं माळजाईला नवस बोलला, “माझी पोर जेवायला लागू दे, हा तांबडा कोंबडा तुझा.” घरात तेवढा एकच कोंबडा.

आता कोंबड्याला काय माहीत आपण नवसाचे आहोत ते! पलीकडं साळूनं धाब्यावर शेंगा वाळत घातल्या होत्या. खायच्या नव्हेत, बेण्याच्या. पुढच्या पेरणीचं सगळं त्यातच. साळू एकटी बाई, नवरा आधीच गेलेला, तेवढं एक वावर नि तेवढं बेणं. हा तांबडा रोज जायचा नि फोडून दाणे टिपायचा. साळूनं दोनदा सांगितलं, “ठके, कोंबडा टोपलीखाली डाल.” ठकूचं चित्त पोरीत, ती कुठली डालतेय! एक दिवस साळू वर गेली, बघते तर निम्म्या शेंगांची टरफलं. तिनं उचलला धोंडा नि हाणला. भिववायला हाणला म्हणे. बसला नेमका डोक्यात. कोंबडा जागच्या जागी आडवा.

मग काय, गाव गोळा झालं. “माझ्या नवसाचा कोंबडा मारलास!” “माझ्या बेण्यानं पोसलास तो कोंबडा!” कोण चुकलं सांगा बघू. पाहुणं, तुम्ही सांगा. दोघींचंही खरंच की. पण ठकूच्या तोंडातनं रागाच्या भरात नको ते गेलं. ती म्हणाली, “साळे, आजपासनं तुझा पाय माझ्या उंबऱ्याला लागला, तर माळजाई माझी पोर नेईल.”

असं बोलू नये बाईनं. पण बोलली. पोरीच्या जिवावरची आण, ती परत घेता येत नाही.

ठकू मेलेला कोंबडा घेऊन देवीच्या गुरवाकडं गेली. ह्याचं आता काय करू? गुरव म्हातारा माणूस. तो म्हणाला, “रांध. दिवस मावळायच्या आत पोरीला घास दे. तिनं घेतला, तर देवीनं घेतला असं समज.” आणि नाही घेतला तर? ते ठकूनं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

चूल पेटली. ठकू रांधतेय नि रडतेय. मधे नुसती मातीची भिंत, पलीकडं साळूला सगळं ऐकू येतंय, गुरवाचं बोलणं, घरात कुटाला दाणा नाही, असला पातळ रस्सा पोर घेईल का, सगळं. तुम्हाला काय वाटतं, तिला बरं वाटत असेल? तिच्या हातानं झालं होतं ते. पोर मेली तर साळूच्याच धोंड्यानं मेली असं होणार होतं. दाराशी जाऊन दोनदा माघारी आली म्हणे. उंबरा आडवा. आण मोडावी तर पोर जाईल, गप बसावं तरी पोर जाईल.

थांबा जरा. कोंबडी झालीय बघ, पोरी. आता ह्या पातेल्यात तेल, ठेचलेलं आलं-लसूण, आमची घरची लाल चटणी. चटणी करपू द्यायची नाही, म्हणून लगेच हे कोंबडीचं पाणी, तुकड्यांसकट. आता कूट. एकदम ओतू नको, गुठळ्या होतात. एका हातानं सोड, एका हातानं ढवळ. अस्सं! शिकलीस की.

तर, साळूनं काय केलं, उरलेल्या शेंगा फोडल्या नि दाणे भाजायला घेतले. बेणं भाजलं म्हणजे पुढचं साल भाजलं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पाट्यावर वाटले. मग पहार घेतली नि चुलीमागची भिंत फोडली. काही जण सांगतात भिंत आपोआप दुभंगली, देवीनं वाट केली. माझी सासू म्हणायची, “देवीला कशाला गवंडीकाम लावता? साळूला हात नव्हते का?”

भिंतीतनं माती पडली नि ठकूसमोर एक हात आला. हातात कुटाचा गोळा. ठकू बघतच राहिली. पलीकडून साळू म्हणाली, “पाय नाही लावला गं. हातच आहे.”

आण पायाची होती, उंबऱ्याची होती. भिंतीची नव्हती नि हाताचीही नव्हती. ठकूनं गोळा घेतला, कालवणात सोडला. पाण्यासारखा रस्सा होता, तो दाट झाला, तांबडा तवंग वर आला. मग साळूनं विचारलं, “मीठ टाकलंस का?”

ठकू म्हणाली, “आठवत नाही गं. मला सगळंच खारट लागतंय.”

साळूनं भोकातनं रिकामा हात पुढं केला. मग म्हणाली, “दे वाटीत इकडं.” वाटी पलीकडं गेली. साळूनं तोंडाला लावली. आळणी! मिठाचा खडासुद्धा नाही. रडून रडून ठकूच्या तोंडात आसवं उतरलेली, तिला ती रश्शाची चव वाटत होती. तसंच पोरीपुढं ठेवलं असतं तर? आजारी जीभ ती, आळणीला तिनं तोंड फिरवलंच असतं, नि ठकूनं समजून घेतलं असतं की देवी कोपली. साळूनं खिडकीतनं हात घातला नि मीठ टाकलं. पुन्हा चाखलं, पुन्हा टाकलं.

दिवस मावळता मावळता म्हाळूला घास दिला. पोरीनं तोंड फिरवलं नाही. घास गिळला, वाटीकडं बघितलं नि म्हणाली, “अजून.”

देवीनं केलं, असं गाव सांगतं. मी म्हणते, मिठानं केलं. दोन्ही म्हणा, बिघडत नाही. आणि पाऊस लागल्यावर धाब्यावरच्या मातीत, कोंबड्यानं शेंगा विस्कटल्या होत्या तिथं, शेंगांचे वेल उगवले म्हणे. दोघींनी मिळून खुरपले. साळूचं बेणं त्यातनं निघालं.

पण आण काही फिटली नाही. जन्मभर साळूनं ठकूचा उंबरा ओलांडला नाही. विस्तव, ताक, गावच्या चहाड्या, जे द्यायचं ते ह्या खिडकीतनं. ठकू शेवटच्या आजारात चुलीजवळ झोपून होती. साळू पलीकडून हात घालून तिचा हात धरून बसायची. ठकू गेली तेव्हा तो हात साळूच्याच हातात होता.

आजही हिंगणमाळात कुठल्याही घरात जा, आखाडातल्या ह्या कालवणात मीठ शेजारणीचंच असतं. भांडण असलं तरी त्या दिवशी फळी काढायची. न बोलता का होईना, मीठ टाकायचं.

हे कालवण झालं. आता तुम्ही विचाराल, शेवंताबाई, तुमची फळी लावलेली का? पलीकडं जनाक्का असायची. ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हापासनं माझ्या कालवणात तिचं मीठ. दर वेळी जरा जास्त टाकायची, नि मी दर वेळी भांडायची. ती गेली. पोरं पुण्याला, घराला कुलूप, किल्ली माझ्याकडं. गेल्या आखाडात मी हे कालवण केलंच नाही. कुणाच्या हातनं मीठ घेऊ? आज तुम्ही आलात नि मला काय झालं कुणास ठाऊक, कोंबडी कापून बसले.

पोरी, ही किल्ली घे. बाहेरून वळसा घालून पलीकडं जा. चुलीवरच्या कोनाड्यात तिची बरणी आहे, खडेमिठाची. पाणी सुटलं असेल, चालतं. अगं, तू परकी कशानं? भिंतीपलीकडं जी असेल ती शेजारीण.

पाहुणं, काढा आता ती फळी. जोरानं ओढा, घट्ट बसलीय.

आलीस का गं? ही वाटी घे. भाजेल, जपून. फुंकून पी. सांग कसं झालंय.

काय म्हणालीस? आळणी? अजिबात नाही मीठ?

बघ बाई, मला मेलीला मघापासनं खारटच लागतंय.

टाक, पोरी. चिमटीनं नको, जनाक्कासारखं टाक. जरा जास्तच टाक.