ठकूबाईचे अर्धे वाक्य

भाविकहो, रेवजी महाराजांचा मुक्काम तेव्हा कातळवाडीच्या धर्मशाळेत होता. महाराजांसमोर वाद घालायला कोणालाही मुभा असे, नियम मात्र एकच. आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडाने सांगायचे आणि तो ‘बरोबर’ म्हणाला, की मगच उत्तर द्यायचे.

गावात नवी विहीर खणत होते. जागा हेरंबशास्त्र्यांनी पोथी पाहून ईशान्येला काढून दिलेली. खाली उतरायची वाट गावाने पूर्वेला ठेवलेली, आणि शास्त्रीबुवांच्या शब्दाशिवाय ती कोणी हलवीना. खणायला मसू वडार आणि त्याची बायको ठकूबाई. बाईचा जन्म दगडात गेलेला, छिन्नीच्या आवाजावरून कातळ ओळखायची. तीन दिवस ती शास्त्रीबुवांना एकच गोष्ट सांगू पाहत होती, आणि शास्त्रीबुवा दरवेळी मध्येच तोडत होते.

“बुवा, पूर्वंची दरड...”

“पूर्वेला दरड, म्हणून विहीर हलवा, हेच ना? अगं, ईशान्येला ईश्वराचा वास असतो!”

“तसं न्हवं वो, म्या म्हन्ते...”

“आता वडारणीने आम्हांला शास्त्र शिकवायचे!”

पारावरची मंडळी खो खो हसली. ठकूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. न बोललेल्या गोष्टीला उत्तर मिळते आणि बोलायची गोष्ट घशातच राहते! माणसाने करावे तरी काय? तिने धर्मशाळेत धाव घेऊन महाराजांना साकडे घातले. महाराज तत्काळ उठले, पण ते पोहोचेपर्यंत मसू खाली उतरला होता आणि पूर्वेची दरड त्याच्यावर कोसळली होती.

काठावर एकच कल्लोळ. कोणी म्हणे दोर टाका, कोणी म्हणे नारळ फोडा, आणि शास्त्रीबुवांचा आवाज सर्वांच्या वर.

“अवो, गप ऱ्हावा की! खाली दगडावर ठोकत आसंल त्यो, ऐकू तरी येऊ द्या!” ठकूबाई ऊर फुटेस्तोवर ओरडत होती. तेही ऐकतो कोण!

महाराजांनी हात वर केला. आणि काय सांगावे! माणसे गप्प झाली, कावळे गप्प झाले, घरंगळणारी उरलेली दरड अधांतरी जागच्या जागी थांबली.

“शास्त्रीबुवा,” महाराज म्हणाले, “देवाने दरड धरली आहे. ही बाई तीन दिवस काय सांगते आहे, तेवढे बोला.”

“विहीर इथे नको, म्हणते.”

“न्हाई!”

“मग... मसूला खाली उतरायची भीती वाटते.”

“न्हाई वो, न्हाई!” ठकूबाईने कपाळावर हात मारून घेतला.

शास्त्रीबुवा पुढे आले. ते तिच्यासमोर मातीत बसले. “बाई, मी ऐकलेच नाही गं. सांग.”

“विहीर तुमी दावली तितंच ऱ्हाऊ द्या. फकस्त पूर्वंचा कातळ चिरलाय. उतरायचं तर पच्छिमेकडनं उतरावं.”

म्हणजे बाई त्यांच्याविरुद्ध बोलतच नव्हती! शास्त्रीबुवांनी शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

“बरूबर,” ठकूबाई म्हणाली, आणि त्याच क्षणी पश्चिमेच्या अंगाने, खालून, ठक् ठक् ऐकू आले. माणसे त्या बाजूने उतरली. मसूला जिवंत वर काढले, शेवटच्या माणसाचा पाय काठाला लागला आणि थांबलेली दरड धाडकन तळाला गेली.

शास्त्रीबुवांनी महाराजांच्या चरणांवर डोके ठेवले. मग सगळ्या गावादेखत ते ठकूबाईपुढे वाकले. “माउली, अजून काही सांगायचे राहिले आहे का?”

आणि ते थांबले. मध्ये बोलले नाहीत, तिच्या तोंडचे वाक्य ओढून घेतले नाही, हात जोडून नुसते वाट पाहत राहिले. सारा गाव वाट पाहत राहिला. ठकूबाईने बोलायला तोंड उघडले, आणि तिला रडूच कोसळले.