भिंत फोडायचा दिवस

“मग ही भिंत फोडू द्यायची, सर?”

शलाकाने भिंतीभोवती दोरी बांधली होती. वाळवंटातल्या त्या हिरव्या तुकड्यात, इद्रीसबाबाच्या खजुराच्या शेतात, जुनी म्हणावी अशी ती एकच भिंत उरली होती. तिच्या पोटात शेकडो वर्षांपूर्वीची खापरं होती. उद्या अधिकारी येणार होते. शेत पुरातन ठरलं तर वाचणार, नाहीतर वरून रस्ता जाणार.

पण तिथली रीत अशी, की पेरणीआधी सगळ्यात जुनी भिंत फोडायची, माती शेतात पसरायची, आणि पाटातल्या गाळाची नवी भिंत घालायची. तेच त्यांचं खत.

इद्रीसबाबा कुदळ घेऊन सकाळपासून उभा होता.

“बाई, बी भिजत घातलंय. त्याला तुमचे साहेब कळत नाहीत.”

“सर, पुरावा जागचा हलवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं.” निमकर सर उठले. “चल.”

शेजारीच एका जुन्या शेताला कुंपण होतं. त्यावर ‘संरक्षित’ असा गंजका फलक. असाच फलक इद्रीसबाबाच्या शेतावर लागावा म्हणून शलाका वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती.

“काय भिंती आहेत, सर. एक ढेकूळ हललेलं नाही.”

“हलू दिलं नाही कुणी. आत काय पिकतं?”

ती कुंपणावरून वाकली. आत वाळू होती. खजुरांचे नुसते बुंधे उभे होते.

“पाणी आटलं असेल...”

“पाट तोच. इद्रीसच्या शेतातून इकडेच येतो.”

शलाकाने बुंध्यांवरची नजर त्या न हललेल्या भिंतींकडे वळवली.

परत आल्यावर तिने भिंतीचे फोटो काढले, मापं घेतली. मग दोरी सोडली आणि बाबाच्या हातातली कुदळ घेतली.

पहिला घाव भलतीकडेच गेला.

“भिंत इकडे आहे, बाई. तो माझा पाय.”

उन्हं कलली तेव्हा ती पोटरीभर चिखलात उभी राहून नव्या भिंतीचा गारा तुडवत होती. सर वरून पाणी ओतत होते.

“रस्ता मी होऊ देणार नाही,” ती म्हणाली. पाय थांबले नाहीत. “पण उद्या साहेब आले की त्यांना दाखवायचं काय?”

सरांनी आणखी एक घागर ओतली...

“आधी त्यांना बूट काढायला सांग.”