लाडोबाच्या गळ्याचं माप

“जीव घेतला की फाशी! दुसरी शिक्षाच नाही!” कुंभेरीचे दुर्जयराजे गरजले. “का घेतला, कसा घेतला, कोणी विचारायचं नाही. न्यायाधीश विचार करत बसतात आणि इकडे माझं जेवण गार होतं!”

न्यायाधीश शास्त्रीबुवा मान खाली घालून उभे होते. बाळोबाचा निकाल त्यांना द्यायचा होता. बाळोबाच्या घरात कोयता घेऊन दरोडेखोर शिरला. बाळोबानं हाताला आलेलं मुसळ त्याच्या डोक्यात घातलं. दरोडेखोर जागीच मेला.

बाळोबाची बहीण ठकू दोर वळायची. तिनं हात जोडले. “महाराज, माझा भाऊ...”

“कारण नको!” राजांनी कान झाकले. “कारण न सांगता सोडवता येत असेल तर सोडव त्याला. कारणाचा एक शब्द बोललीस, तर फाशी आजच!”

“आणि हा कायदा सगळ्यांना सारखाच ना?”

“सगळ्यांना! माझ्या घरातला असला तरी!”

“बरं,” म्हणून ठकू निघून गेली.

दुपारी राजे झोपून उठले तर हत्तीखान्यात हा गलका! राजांचा लाडका हत्ती लाडोबा कान हलवत उभा, आणि ठकू शिडीवर चढून त्याच्या गळ्याभोवती दोर गुंडाळतेय. खाली सुतार कपाळाला हात लावून बसलेला, शेजारी शास्त्रीबुवा उभे.

“अगं ए! काय चाललंय हे?”

“गळ्याचं माप घेतेय, महाराज. दसऱ्याच्या मिरवणुकीत यानं तुतारीवाल्याला तुडवून मारलं. जीव घेतला की फाशी! पण याचं वजन पेलेल असा खांबच सुताराला सापडत नाही.”

“लाडोबाला फाशी? वेडी की काय तू! अगं, त्या तुतारीवाल्यानं थेट याच्या कानात तुतारी फुंकली!”

“हं,” ठकूनं दोराला गाठ मारली.

“घाबरला बिचारा! भीतीनं पाय उचलला!”

“हं.”

“त्याआधी यानं कोणाला साधी सोंड लावली नव्हती! आणि नंतर केवढा पस्तावला! ऊस तोंडात घेईना!”

“गूळ खात होता,” माहूत पुटपुटला.

“तू गप्प बस! शास्त्रीबुवा, अहो, काहीतरी बोला! घाबरून हातून घडलं आणि दबा धरून केलं, यात फरक आहे की नाही?”

“मला विचार करायला बंदी आहे, महाराज.”

“करा! करा विचार! माझा हुकूम आहे!”

ठकू शिडीवरून उतरली. “शास्त्रीबुवा, करताच आहात तर बाळोबाचाही करा. आणि महाराज, मी कारणाचा एक शब्द बोलले नाही. सगळी कारणं तुम्हीच सांगितलीत!”

राजांनी आधी डोळे वटारले. मग ते इतक्या मोठ्यानं हसले की लाडोबा दचकला, आणि सगळे भिंतीकडे पळाले!

संध्याकाळी बाळोबा सुटून घरी आला. ठकूला रेशमी लुगडं मिळालं, शिवाय राजवाड्यातले सगळे दोर वळायचं कायमचं काम.

“फाशीचा सोडून!” ठकूनं आधीच सांगून टाकलं.