हिरवी भिंत आणि मागचे दार

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात परटांची वीस घरे होती आणि कापड रंगवण्याचे दोन कारखाने होते. एक मल्लूशेटचा, दुसरा येसूबाईचा. कारखान्यांतले रंगीत पाणी नदीत जायचे आणि परटांनी धुतलेल्या पांढऱ्या धोतरांवर डाग पडायचे. गिऱ्हाइके बोल लावायची ती परटांना.

परटांनी पोटाला चिमटा काढून थोडी रक्कम जमवली होती. त्यांनी ठरवले, जो रंगारी नदी स्वच्छ राखेल त्याच्या धंद्यात ती घालायची आणि नफ्यात वाटा घ्यायचा.

हे कानावर येताच मल्लूशेटने कारखान्याची भिंत हिरवीगार रंगवली. तिच्यावर हंस काढले, कमळे काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘नदीचा सखा’. येसूबाईने मात्र घाण पाणी गाळण्यासाठी आधीपासूनच खड्डे खणायला घेतले होते. दोन तयार होते, तिसरा पैशांअभावी अर्धवट राहिला होता.

गावच्या पाटलीणबाईंनी दवंडी पिटवली. ज्याला परटांचे पैसे हवे असतील त्याने नदीसाठी काय केले आणि काय करायचे राहिले, हे दोन्ही दारावरच्या फळीवर लिहावे. शिवाय बाजाराच्या दिवशी कारखान्याचे मागचे दार सर्वांसाठी उघडे ठेवावे.

येसूबाईच्या दिराने तिला समजावले, की तिसऱ्या खड्ड्याचे काही लिहू नका, हाती येऊ घातलेली रक्कम जाईल. तरी तिने लिहिले, ‘दोन खड्डे झाले. तिसरा अर्धा आहे. आठवड्यातून एकदा गढूळ पाणी अजून नदीत जाते.’

मल्लूशेटने लिहिले, ‘आमच्याकडून एक थेंबही जात नाही.’

बाजाराच्या दिवशी सगळे परीट आधी मल्लूशेटकडे गेले. तो त्यांना हंसच दाखवत राहिला. पण रखमा परटीण मागच्या दाराने बाहेर पडली आणि गटाराच्या कडेकडेने चालत गेली. कर्दळीच्या झाडांआड तिला एक मोरी सापडली. तिच्यातून लालभडक पाणी नदीत पडत होते. तिने हाक मारून सगळ्यांना ते दाखवले, तेव्हा मल्लूशेटची मान खाली गेली.

मग सगळे येसूबाईकडे आले. फळीवर लिहिले होते तेच मागे दिसले, कमी नाही, जास्त नाही. तरी काहीजण कुरकुरले, की हिचेही पाणी जातेच की.

रखमा म्हणाली, “जाते. पण ते तिनेच आपल्याला सांगितले. आपला पैसा कुठे लागणार, तो खड्डाही डोळ्यांसमोर आहे.”

परटांनी पैसे तर दिलेच, शिवाय कुदळी-फावडी घेऊन स्वतः खणायला उतरले. आठ दिवसांत खड्डा पुरा झाला. त्या दिवशी नदीकाठी हलगी वाजली, येसूबाईने सगळ्यांना गुळाचा शिरा वाढला आणि तिचा दीर हलगीच्या तालावर सर्वांत आधी नाचला.

शिरा वाटून होतो आहे तोच मल्लूशेट आला. जरा घुटमळला, मग हळूच म्हणाला, “येसूबाई, खड्डा किती खोल लागतो?”

येसूबाईने काठी उचलली आणि त्याला जमिनीवर नकाशा काढून दाखवला.

तात्पर्य इतकेच: चांगुलपणाचा रंग कोणालाही देता येतो. आपले उणे जो स्वतः सांगतो आणि मागचे दार उघडे ठेवतो, त्याच्यावर लोक विश्वास टाकतात.