द्वारकाचं टिपण

"पण मग हे लिहिलं कुणी, बाबा?"

अंबादासच्या हातात दोन कागद होते. एक त्याचा स्वतःचा. दुसरा कुणाचा, ते त्याला कळेना.

आमच्या मठाची रीत अशी, की ज्याला पोथीच्या पाटावर बसायचंय त्यानं एका अध्यायावर टिपण द्यायचं. खाली नाव घालायचं नाही. टिपणं सगळ्यांसमोर वाचायची, मग पाटावरचे बाबा ठरवणार. यंदा सखाहरीबाबांचा घसा पार बसला होता. पाट दुसऱ्याकडं जाणार होता, आणि एकदा गेला की जन्मभरासाठी.

वाचायचं काम अंबादासचं. आवाज खणखणीत, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नसे. पण त्या दुसऱ्या कागदाची शेवटची ओळ त्यानं कुणी न सांगता दोनदा वाचली. मी समोरच बसलो होतो. आता तो नाही म्हणतो, म्हणू दे.

कागदावर होतं, "लेकरू निजलं की आई उठून कामाला लागते. पण ते झोपेत नुसतं कण्हलं तरी हातातलं पीठ टाकून येते. देव येत नाही म्हणून आपण रुसतो. पण आपण अजून कण्हलोय कुठं?"

"द्वारकानं," बाबा म्हणाले. "छापून तेवढं तिच्या भावानं आणलंय."

अंबादास हसलाच. "द्वारका? तिला एसटीची पाटी वाचता येत नाही!"

खरं होतं ते. द्वारकाचे डोळे ठणठणीत, सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते. पण अक्षरं तिच्यापुढं जागेवर राहतच नाहीत, एकमेकांत घुसतात. शाळेत मास्तरांनी तिला सातवीपर्यंत ढ म्हटलं, नंतर घरच्यांनी. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी परवा-परवा सांगितलं, की बुद्धीत काही कमी नाही, वाचण्यातच अडचण आहे. तोवर बाई तिशीला आली होती. लहानपणापासून तिला एकच हवं होतं... एकदा पाटावर बसून पोथी सांगायची.

"दाखव गं यांना," बाबा म्हणाले.

द्वारकानं पदराला हात पुसले, फोन काढला आणि एक बटण दाबलं. "अंबादासभाऊ रागावलेत," ती हळूच म्हणाली. पडद्यावर तीच अक्षरं उमटली. तिनं त्यांच्यावर बोट ठेवलं, तर फोन सपाट आवाजात बोलला, "अंबादासभाऊ रागावलेत."

आम्ही हसलो. अंबादास सोडून.

"म्हणजे लिहिणार फोन. वाचणार पण फोन. मग ही काय करते?"

अंबादास बाबांकडं वळला.

"आणि पाटावर? तिथं पोथी कोण वाचणार?"

"पोथी भावानं फोनमध्ये भरून दिलीय," द्वारका म्हणाली. "एका कानात फोन ओवी सांगेल. मी मागून म्हणेन."

"ऐकलंत, बाबा? याला काय वाचणं म्हणतात?"

"तुला संथा कुणी दिली?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच की."

"हातात पोथी होती तेव्हा?"

"नव्हती. तुम्ही म्हणायचा, मी मागून म्हणायचो..." अंबादास अडखळला. "पण ते वेगळं, बाबा. तुम्ही माणूस आहात."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी अंबादासच्या हातातलं त्याचं टिपण घेतलं, घडी घातली आणि आपल्या आसनाखाली सारलं. वर नीट बसले. "दे गं तो फोन त्याला. अंबादास, आता तुझं टिपण तू याला सांग."

"कागदाशिवाय?"

"लिहायला फोन आहे. वाचायला पण फोन आहे."

अंबादासनं फोन तोंडापाशी धरला. खाकरला. "पहिल्या ओवीत..." म्हणाला, आणि थांबला.

त्याचं टिपण पोथीवरच्या चार जुन्या टीकांतून जुळवलेलं होतं. आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी तर एक टीका कपाटातून काढून दिली होती.

थोड्या वेळानं फोनचं ऐकणं आपोआप बंद झालं.

"परत दाबलं हं," द्वारका म्हणाली. "बोला, भाऊ. घाई नाही त्याला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर अंबादास भांडला असता, आणि सुटला असता.

तो फोनकडं बघत राहिला. बघता बघता त्याचा चेहराच उतरला. मला त्याचा राग यायचा, पण त्या घडीला जीव कळवळला माझा. मग तो कुणालाच ऐकू जाणार नाही इतक्या हळू काहीतरी पुटपुटला.

द्वारकानं फोन घेतला. पडद्यावर ओळी होत्या, पण त्या तिला वाचता थोड्याच येणार? सवयीनं बोट ठेवलं तिनं.

फोन म्हणाला, "मला काही सुचत नाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांचंच मागून म्हणत आलो. पाट गेला तर माझ्यापाशी राहतं काय?"

"अगंबाई!" द्वारका म्हणाली. "भाऊ, मला माहीत नव्हतं हो..."

बाबा उठले. पाट दोन्ही हातांनी उचलला आणि द्वारकापुढं मांडला. ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली. मग बसली, आणि बसल्या बसल्या रडू लागली. दोन म्हाताऱ्यांनी तिथल्या तिथं तिच्या पाया पडून घेतलं.

अंबादास आपला रुमाल उचलून दाराकडं निघाला होता.

"कुठं चाललास?" बाबांनी विचारलं.

"घरी, बाबा. माझं काय काम इथं आता?"

बाबांनी द्वारकाकडून फोन मागून घेतला आणि त्याच्यापुढं धरला.

"बस खाली. तुझं टिपण आत्ता कुठं सुरू झालंय."